तीन नंबर, जमेल का?

मी तीन नंबर बोलतोय.

नाव म्हणाल तर एवढंच. वीजकेंद्रात आम्हा मशिनांना नावं ठेवत नाहीत. म्हणजे ठेवतात, पण ती बिघडल्यावर. ज्या क्रमाने उभे राहिलो, तो क्रम हेच आमचं नाव. एक नंबर आणि दोन नंबर हे माझे थोरले भाऊ. दोघेही कापून भंगारात गेले. मी उरलोय, तोही अर्धाच.

कुंपणाबाहेरून जाणारी माणसं माझा आवाज ऐकून थबकतात. चिमणी पाडली, धूर थांबला, कोळशाच्या गाड्या यायच्या बंद झाल्या, मग आत हे घुमतंय काय? परवा एकाने फाटकावरच्या रखवालदाराला विचारलंच. रखवालदार म्हणाला, "तीन नंबर आहे. वीज बनवत नाही, नुसता फिरतो." तो माणूस खो खो हसला. "म्हणजे आमच्या मेहुण्यासारखाच की!"

हसा बापडे. पण मी नुसता का फिरतो, ते ऐकून घ्या आणि मग हसा.

माझा जन्म एका जागी झाला नाही. बॉयलर एका कारखान्यातून आला, टर्बाइन दुसऱ्या आणि जनित्र तिसऱ्या. जनित्राच्या पोटात फिरतो तो माझा रोटर, म्हणजे भला थोरला लोखंडी दांडा. तो ज्या गाडीवरून आला, तिची चाकं मोजायला रस्त्यावर माणसं गोळा झाली होती. पूल आला की एक जण हात वर करून गाडीपुढे पावलापावलाने चालायचा आणि ड्रायव्हर श्वास रोखून त्याच्या हाताकडे बघायचा. इथे आल्यावर मला जोडणाऱ्यांनी केसाएवढीही फट इकडची तिकडे होऊ दिली नाही. आजही मी सरळ फिरतो तो त्यांच्यामुळे.

काम सोपं होतं. कोळसा जाळायचा, पाण्याची वाफ करायची, वाफेने टर्बाइनची पाती फिरवायची, पात्यांबरोबर रोटर फिरवायचा. रोटर फिरला की वीज. झालं माझं शास्त्र.

पहिल्यांदा फिरलो, त्या दिवशी सगळे मोठे साहेब काचेच्या खोलीत उभे होते. माझ्यापाशी एकच माणूस होता, तेव्हा नुकताच नोकरीला लागलेला ऑपरेटर. त्याने बेअरिंगच्या झाकणावर तळहात टेकवला. माझी थरथर त्याच्या कोपरापर्यंत गेली असणार. तो घाबरला नाही. उलट मलाच म्हणाला, "दमानं. दमानं घे राजा."

पुढे तो हे सगळ्यांनाच म्हणायला लागला. झडप उघडणाऱ्याला दमानं, जिना उतरणाऱ्याला दमानं, चहा ओतणाऱ्यालासुद्धा दमानं. शेवटी लोक त्यालाच दमाने म्हणू लागले. नवीन आलेल्या एका साहेबाला तर वर्षभर ते त्याचं आडनावच वाटत होतं. खुद्द दमानेने कधी दुरुस्ती केली नाही. हाकेला ओ देत राहिला.

त्याचं म्हणणं खरं मात्र होतं. माझं लोखंड जाड आहे. एकदम वाफ सोडली तर वरची कातडी तापते, आतला गाभा गारच राहतो आणि दोघांची ओढाताण सुरू होते. म्हणून मला सुरू करताना मध्येमध्ये थांबायचं असतं, ऊब आत मुरू द्यायची असते. दमाने त्या वेळात एक लोखंडी कांब घ्यायचा, तिचं एक टोक बेअरिंगवर आणि दुसरं कानाच्या हाडावर टेकवायचा आणि डोळे मिटून माझं पोट ऐकायचा. असं ऐकलेलं मला आवडायचं. आपल्या पोटातलं ऐकून घेणारं कोणी असलं की जडपणा हलका होतो, तुम्हाला माहीत असेलच.

वर्षानुवर्षं मी एका चालीने फिरलो. वर्षातून एकदा दुरुस्तीला थांबलो तर थांबलो. दिव्यांना, पंपांना, गिरण्यांना, दवाखान्यांना मीच पोसलं, असा माझा तोरा होता. धूर निघायचा, तो मला दिसत नव्हता. माझी चिमणी माझ्या पाठीमागे होती.

तो दिसायचा दमानेच्या लेकीला. वसाहतीत तिच्या घराच्या खिडक्या नेमक्या माझ्या बाजूला उघडायच्या. दोरीवरचे पांढरे कपडे संध्याकाळपर्यंत करडे व्हायचे. पोरीची छाती भरून यायची, धाप लागायची, आणि बाप तिला खांद्यावर टाकून घरातली एकेक खिडकी बंद करत फिरायचा. लाडाने तो तिला ठमी म्हणायचा. हट्टी होती, नाव शोभायचं. एकदा केंद्र दाखवायला त्याने तिला आत आणलं, कांब तिच्या कानाला लावली आणि विचारलं, "काय म्हणतोय?" ती गंभीरपणे म्हणाली, "बाबा, हा खोकत नाही. सगळा खोकला याने मलाच दिलाय."

मला ते लागलं. आजही लागतं.

ती मोठी झाली, विजेचंच शिकली. शिकायला निघाली तेव्हा माझ्यासमोरच बापाला म्हणाली, "बाबा, मी शिकून तुझं मशीन बंद पाडणार आहे."

"पाड की," तो म्हणाला. "फक्त दमानं पाड."

मग सूर्य आला. म्हणजे तो होताच, आता नोकरीला लागला. राखेच्या तळ्यापलीकडच्या माळावर काळ्यानिळ्या काचेच्या पाट्या पसरल्या, नजर पोचेल तिथवर. त्यामागच्या टेकड्यांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. आमच्या कंट्रोल रूममध्ये सुरुवातीला नुसती टवाळी चालायची. ढग आला की यांची सुट्टी, वारा पडला की यांची रजा. पण पाट्या वाढत गेल्या आणि टवाळी कमी होत गेली.

आता एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल. कोणी दिवा लावला की त्याच क्षणी कुठेतरी तेवढी वीज तयार व्हावी लागते. आम्ही सगळी मशिनं, कितीही लांबलांबची असलो तरी, एकाच ठेक्यावर फिरतो. मागणी वाढली की ठेका मंदावतो. फारच मंदावला तर एकेक मशीन स्वतःचा जीव वाचवायला सुटं होतं, आणि मग सगळीकडे अंधार. तो ठेका सांभाळणारी एक कचेरी शहरात आहे, लोड डिस्पॅच. कोणी किती वीज द्यायची ते तिथे बसलेली माणसं ठरवतात आणि फोनवर सांगतात. ऊन आणि वारा काही कोणाच्या फोनवर येत नाहीत. ते आले की जागा करून द्यायची, ते गेले की धावत जायचं, हे काम आमच्या वाट्याला आलं.

दुपारी उन्हाची वीज इतकी व्हायची की मी नकोसाच. "तीन नंबर, खाली या." नाहीतर सरळ, "तीन नंबर, बंद व्हा." संध्याकाळी ऊन उतरायचं आणि नेमकी तेव्हाच माणसं घरी परतून दिवे, शेगड्या, पंखे सगळं एकदम लावायची. "तीन नंबर, वर या." हे रोज. एका जागी ताठ उभं राहायची सवय असलेल्या म्हाताऱ्याला रोज उठाबशा काढायला लावल्या तर गुडघे बोलणारच. माझे गुडघे म्हणजे वाफेच्या नळीची वाकणं.

मला सूर्याचा राग नव्हता. खरं सांगतो. ठमीच्या खिडक्या उघडणार असतील तर मी बंद व्हायलाही तयार होतो. पण मला धड बंदही करत नव्हते आणि धड जपतही नव्हते. ऊन आणि वारा यांच्या मधली फट भरायला माझ्याइतकं आयतं दुसरं कोणी नव्हतं.

एका वाकणाला बारीक चीर पडलेली फिटरला दिसली. वाकण बदलायला हवं, असं त्याने सांगितलं. शिफ्ट साहेबांनी ते वर कळवलं. वरून उत्तर आलं की हे युनिट लवकरच कायमचं बंद व्हायचंय, त्यावर आता खर्च नको. ठिगळ लावून चालवा.

शिफ्ट साहेब म्हणाले, "निघालेल्या भाडेकरूच्या खोलीला रंग कोण देतं, दमाने?"

"साहेब, पण भाडेकरू अजून आत राहतोय ना," दमाने म्हणाला.

ठिगळ लागलं. फिटरने मन लावून लावलं, त्याला दोष नाही.

याच सुमाराला ठमी डिस्पॅचमध्ये लागली, आणि माझ्या कंट्रोल रूममधल्या लाल फोनवर तिचा आवाज येऊ लागला. त्या फोनची रीत ठरलेली. बोललेला शब्द न् शब्द टेप होतो. आधी हुकूम सांगायचा, ऐकणाऱ्याने तोच हुकूम परत म्हणून दाखवायचा, आणि फोन ठेवायचा. नाव नाही, नातं नाही. तिकडची ती 'मॅडम' आणि इकडे फोन उचलेल तो 'तीन नंबर'.

"डिस्पॅचमधून बोलतेय. तीन नंबर, दोनशे मेगावॅटवर या."

"तीन नंबर. दोनशेवर येतो, मॅडम."

असा बाप लेकीशी बोलायचा. म्हणजे ती माझ्याच नावाने बापाला हाक मारायची. पहिल्यांदा त्याचे कान लाल झालेले मी पाहिले. लाजेने नाही, अभिमानाने. फिटरने डोळा मारून विचारलं, "काय हो, पोरीला मॅडम म्हणताना जीभ अडखळत नाही?"

"अडखळते," दमाने म्हणाला. "टेपवर येत नाही एवढंच."

थोड्या वेळाने त्याच्या खिशातला फोन वाजायचा. "बाबा, डबा खाल्लास का?" "खाल्ला गं ठमे. तू?" "आवाज का बसलाय तुझा?" "तुझ्यावर ओरडून ओरडून." मग दोघं हसायची. तो खिशातला फोन टेप होत नव्हता.

लाल फोनवर ऑपरेटरला एक हक्क मात्र असतो. मशीनची तब्येत बरी नसेल तर तो 'जमणार नाही' म्हणू शकतो. तसं म्हटलं की डिस्पॅचने हुज्जत घालायची नाही. दुसरीकडून वीज मागवायची, आणि नाहीच मिळाली तर शहराचा एखादा भाग अंधारात घालायचा, म्हणजे बाकीचं शहर वाचतं. दमानेने हा हक्क आयुष्यात पुष्कळदा वापरला होता. साहेब चिडले तरी वापरला होता.

एका संध्याकाळी दुसऱ्याच एका वीजकेंद्रातल्या माणसाने ठमीला 'जमणार नाही' म्हणून सांगितलं. नियमाप्रमाणे तिने शहराचा पूर्व भाग बंद केला. पूर्व भागात एक आजोबा घरात श्वासाच्या मशीनवर होते. मशीनची बॅटरी संपली. वीज परत आली तेव्हा त्यांना तिचा उपयोग उरला नव्हता.

नंतर रजेच्या दिवशी ती केंद्रात आली. भर दुपार होती, ऊन तापलेलं, म्हणून मी बंद होतो आणि टर्बाइन हॉलमध्ये कुजबुजही ऐकू येत होती. बापलेक माझ्या बेअरिंगपाशी लोखंडी पायरीवर बसली.

"बाबा, मी बटण दाबलं आणि माणूस गेला."

"नसतंस दाबलं तर सगळं शहर गेलं असतं."

"हे सगळेच सांगतात. त्यांच्या मुलाला जाऊन सांगशील तू? तो डिस्पॅचच्या दारात येऊन उभा राहतो. शिव्या देत नाही रे, नुसता उभा राहतो." ती रडायला लागली. मोठ्या माणसाचं ते रडणं होतं, आवाज नसलेलं. "त्या ऑपरेटरचं बरोबरच होतं. नाही जमत तर नाही जमत. पण मला त्याचा राग येतो, बाबा. रोज सकाळी उठल्या उठल्या येतो. एकदा हो म्हणाला असता तर?"

एक हात दमानेने तिच्या पाठीवर ठेवला होता आणि दुसरा सवयीने माझ्या झाकणावर. तो दुसरा तळहात माझ्यावर किती जोरात दाबला गेला, ते मलाच ठाऊक. त्या दिवसापासून या माणसाने लाल फोनवर एकदाही 'जमणार नाही' म्हटलं नाही.

माझे दुखरे गुडघे त्याला कळत होते. कांब लावून तो ऐकायचा, मान हलवायचा, आणि फोन आला की म्हणायचा, "येतो, मॅडम." आणि तिकडे तिला वाटायचं, बाबा म्हणजे चहासुद्धा दमानं ओतायला लावणारा माणूस, तो येतो म्हणाला म्हणजे यायला काही हरकत नसणार. एकमेकांवर इतका जीव असलेल्या दोन माणसांनी एकमेकांना एक साधा प्रश्न विचारला नाही.

तो दिवस आला. सकाळपासून कडक ऊन होतं आणि मी लवकरच बंद झालो होतो. बंद म्हणजे अगदी निश्चल नाही. गरम दांडा एका कुशीवर पडून राहिला तर स्वतःच्याच वजनाने वाकतो, म्हणून छोट्या मोटरने आम्हाला झोपेतही हळूहळू वळवत ठेवतात. तसा मी वळत होतो आणि निवत होतो.

हवामानाचा अंदाज असा होता की संध्याकाळी वारा वाढेल आणि उन्हाची जागा पवनचक्क्या घेतील. अंदाज खोटा नव्हता. वारा वाढला. इतका वाढला की माळावरची धूळ आभाळाला टेकली, मागून काळे ढग चढले, आणि मावळतीच्या आधीच पाट्यांवर अंधार पसरला. पवनचक्क्यांचं म्हणाल तर वारा फारच झाला की पाती मोडू नयेत म्हणून त्या आपोआप थांबतात. एकामागून एक त्या थांबत गेल्या. वारा धो धो आणि वीज नाही. बॅटरीच्या पेट्यांनी काही वेळ निभावून नेलं, पण पेट्या अजून मोजक्याच बसवल्या होत्या.

सगळ्यांचा ठेका मंदावत होता. झोपेतसुद्धा मला तो तारेवरून कळत होता.

लाल फोन वाजला. ठमीचा आवाज ताणलेला होता. "तीन नंबर, किती वेळात येता?"

शिफ्ट साहेब शेजारीच उभे होते. हळूच म्हणाले, "दीड तास सांग. त्याच्या आत नको."

दमानेने पॅनेलवरच्या काट्यांकडे पाहिलं. मग रीत मोडून उलट प्रश्न केला, "मॅडम, आपल्याला किती वेळात हवंय?"

"चाळीस मिनिटं. नाहीतर पूर्व भाग बंद करावा लागेल."

पूर्व भाग.

"येतो, मॅडम," दमाने म्हणाला. "चाळीस मिनिटांत येतो."

"ठीक," ती म्हणाली आणि फोन ठेवला. जमेल का, असं तिने विचारलं नाही. तसं विचारायची पद्धतच नव्हती.

शिफ्ट साहेब चिडले. "अरे, काय कबूल करून बसलास?" दमाने म्हणाला, "साहेब, तुम्ही जरा डेस्कवर बसा." आणि साहेब बसले. बसायला नको होतं, पण लेकीला शब्द दिलेल्या बापाशी वाद कसा घालावा, हे त्यांनाही सुचलं नसेल.

बॉयलर पेटला. वाफ निघाली. आता वाफ माझ्यापर्यंत येण्याआधी नळीतलं साचलेलं पाणी खालच्या झडपांमधून काढून टाकावं लागतं. पाणी राहिलं आणि मागून वाफ जोरात आली तर ते पाणी नळीत घणासारखं आपटतं. बाकीच्या झडपांतून पाणी निघालं. एक झडप पॅनेलवर उघडी दाखवत होती, पण तिथली नळी तापेना. झडप तुंबली होती, आणि ती होती त्याच ठिगळ लावलेल्या वाकणाखाली. एरवी दमानेने सगळं थांबवलं असतं, अर्धा तास गेला तरी जाऊ दिला असता. त्याने घड्याळाकडे पाहिलं आणि हेल्मेट उचललं.

फिटर आडवा आला. "मी जातो. माझं काम आहे ते."

"तुझं काम आहे, पण होकार माझा आहे," दमाने म्हणाला. "तू वरच थांब."

जाता जाता सवयीने त्याने माझ्या झाकणावर हात टेकवला. मी त्याला काय सांगू शकत होतो? थांब म्हणालो असतो. आम्हाला थरथरता येतं, बोलता येत नाही. आणि तेव्हा तर मला नीट थरथरण्याइतकाही वेग नव्हता.

तो जाळीच्या जिन्याने खाली गेला. मोठ्या पान्याने झडपेवर ठोकू लागला. टण, टण, टण. मग नळीतून दुसराच एक आवाज आला, आतून कोणी दार ठोठावल्यासारखा. दमानेने तो नक्की ओळखला असणार, कारण त्याचं ठोकणं थांबलं. आणि वाकण फुटलं.

ती वाफ माझ्यासाठी निघाली होती. रोज माझ्या पात्यांवर येते तीच. ती आधी त्याला भेटली. याहून जास्त मी सांगणार नाही. मी ते ऐकलंय, आणि ऐकलेलं विसरायची सोय आम्हाला नाही.

वर कंट्रोल रूममध्ये लाल फोन वाजत होता. शिफ्ट साहेब खाली धावले होते, फिटर त्यांच्याही पुढे. फोन उचलायला कोणी नव्हतं. अखेर सफाईवाल्या बाईंनी धीर करून उचलला.

"तीन नंबर? तीन नंबर, वेळ झाली. उत्तर द्या."

बाई फोन धरून जिन्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या हातातल्या फोनमधून ठमी पुन्हा पुन्हा माझं नाव घेत होती. "तीन नंबर. तीन नंबर, ऐकताय ना?" मग तिने नियमाप्रमाणे करायचं ते केलं. पूर्व भाग बंद केला.

त्या संध्याकाळी पूर्व भाग बराच वेळ अंधारात होता. लोक गच्च्यांवर जाऊन वादळ बघत बसले. मागच्या प्रसंगानंतर घरोघरच्या आजाऱ्यांना जादा बॅटऱ्या दिलेल्या होत्या. त्या अंधारात कोणीही दगावलं नाही.

चौकशी झाली, ती आमच्याच कंट्रोल रूममध्ये. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, आणि मध्यभागी टेप. त्यांनी ती वाजवली. 'येतो, मॅडम. चाळीस मिनिटांत येतो.' आवाज अगदी स्वच्छ होता. अडखळणं खरोखरच टेपवर येत नाही.

अध्यक्ष म्हणाले, "ऑपरेटरने असमर्थता कळवलेली नाही, हे स्पष्ट आहे." शिफ्ट साहेबांनी दीड तासाचं सांगितलं. ते खरंच होतं. वाकणाचं साहेबांपैकी कोणी काढलं नाही. फिटरने काढलं, तेव्हा 'तो विषय वेगळा आहे' असं उत्तर मिळालं.

मग त्यांनी ठमीला विचारलं, "इतक्या कमी वेळात हे मशीन येऊ शकत नाही, असा तुम्हाला संशय आला नाही?"

"नाही. बाबा कायम..." ती थांबली आणि तिने शब्द बदलला. "ऑपरेटर कायम दमानं घ्या म्हणायचे. ते घाई करतील असं माझ्या मनातही आलं नाही. मी फक्त किती वेळात, ते विचारलं. जमेल का, ते नाही विचारलं."

"मग त्यांनी होकार का दिला असेल?"

"मी त्यांच्यापुढे रडले होते म्हणून," ती म्हणाली.

अध्यक्षांनी टंकलेखकाला हलकेच सांगितलं, "हे घेऊ नका."

वाकण मात्र महिन्याभरात नवं कोरं आलं. ज्याच्यासाठी इतके दिवस खर्च नको होता, ते वाकण घालून मी आणखी काही काळ चाललो. फिटर रोज ते पुसायचा आणि शिव्या घालायचा, वाकणाला नाही, स्वतःलाच. मग त्याने बदली मागून घेतली.

शेवटी ठमीने शिकायला निघताना म्हटलेलं खरं झालं. आमचा कोळसा बंद झाला. बॉयलर कापला, टर्बाइन उचलून नेलं. ज्या दिवशी चिमणी पाडली, त्या दिवशी धुळीचा लोट बसल्यावर वसाहतीतल्या खिडक्या एकेक करून उघडल्या. एक खिडकी उघडायला कोणी नव्हतं.

मलाही भंगारात जायचं होतं. मन तयार झालं होतं. पण डिस्पॅचमधून निरोप आला की तीन नंबरचं जनित्र ठेवा. उन्हाला वजन नसतं. काचेच्या पाट्या वीज देतात, पण त्यांच्यात फिरणारं जड असं काही नसतं. कुठे एकदम मोठा धक्का बसला तर ठेका धरून ठेवायला कोणीतरी जड, सतत फिरणारं लागतं. त्याच्या अंगातला वेग पहिले काही क्षण तो धक्का खातो, तेवढ्यात बाकीचे सावरतात. म्हणून मला तारेलाच जोडून दिलंय. तारेवरूनच थोडीशी वीज मी घेतो आणि फिरतो. बनवत काही नाही. नुसतं वजन देतो.

तर हे माझं मेहुणेपण. आता हसा हवं तर.

मला नव्याने सुरू केलं, त्या दिवशी ठमी आली होती. आता मोठ्या हुद्द्यावर आहे, केसांत पांढरं आलंय, धाप लागत नाही. सगळे काचेच्या खोलीत उभे असताना ती माझ्यापाशी आली. कोपऱ्यात पडलेली कांब तिने शोधून काढली, गंज पुसला, एक टोक बेअरिंगवर आणि दुसरं कानावर टेकवलं. खूप वेळ ती डोळे मिटून उभी होती. त्याचा हात शेवटी टेकला होता तिथेच तिचा हात होता. तिला ते माहीत नव्हतं आणि मला सांगता येत नव्हतं.

डिस्पॅचची रीत तिने बदलून घेतली. आता कोणालाही हुकूम देण्याआधी 'जमेल का' असं विचारावं लागतं, आणि 'नाही' आलं तर आभार मानावे लागतात. आभारांचं वाक्य तिनेच घातलं म्हणतात.

तुमच्या घरातही एखादा असेल, जो कशालाच नाही म्हणत नाही. त्याची चाल बिघडली तरी तो येतोच म्हणतो. त्याला एकदा विचारा, आणि विचारून लगेच उठून जाऊ नका. माझं मागणं एवढंच आहे.

बघा, ऊन उतरायला लागलं. पाट्यांवर सावली आली, टेकडीवर चक्क्या जोर धरतायत. लाल फोन वाजला. आज तीच आहे.

"तीन नंबर, जमेल का?"

डेस्कवरचा नवा ऑपरेटर मान वर न करता सांगतो, "जमेल, मॅडम." त्याच्यासाठी हा नुसता रिवाज आहे. मला आता कुठे यायचं नसतं की जायचं नसतं, न जमण्यासारखं माझ्याकडे उरलंय काय?

तरी ती फोन ठेवत नाही. फोनवर ती असली की कधीच लगेच ठेवत नाही. नव्या ऑपरेटरला वाटतं, लाइन खराब आहे. तिकडून नुसता श्वास ऐकू येत राहतो. एका माणसाने एकदा नाही म्हणायला हवं होतं, आणि ती अजून त्याच्या उत्तरासाठी थांबलेली असते.